एकवचन

कार्मिक अधिकारी अभिनंदन मगदूम यांच्या कचेरीला व्हरांड्याच्या बाजूने एक खिडकी होती, आणि कालांतराने त्या खिडकीलाच लोक ‘मगदूम साहेब’ म्हणू लागले होते. “जरा मगदूम सायबाकडं जाऊन येतो,” असे कोणी म्हणाला की त्याच्या मनात रजेविषयी, पगाराविषयी किंवा निर्वाह निधीविषयी काही शंका उद्भवली आहे, हे इतरांना न सांगता कळे. कागलच्या औद्योगिक वसाहतीतील तो ओतकामाचा कारखाना. भट्टीत लोखंड वितळवायचे, ते साच्यांत ओतायचे आणि निवल्यावर घासूनपुसून मोटारींच्या कारखान्यांकडे रवाना करायचे, हे तेथील नित्यकर्म. त्या धगीतून घाम पुशीत बाहेर आलेला माणूस खिडकीशी उभा राही आणि मगदूम साहेब चष्मा कपाळावर चढवून त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेत.

“सायेब, सणाला कामावर आलो तर हजेरी दुप्पट का दीडपट?”

“सायेब, सासू आजारी पडली तर रजा मिळत्या का?”

“सासूसाठी वेगळी रजा नाही. तुझी स्वतःची शिल्लक असेल तर घे.”

“आन सासू बरी झाली तर? तवा तरी द्या की, दुःखाची!”

मागे उभ्या असलेल्यांत हशा पिके, साहेबही हसत, आणि मग नियम काय आहे ते पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगत. उत्तर ठाऊक असलेल्या माणसाला जी अधीरता असते, ती त्यांच्या ठायी कधी दिसली नाही. कोणाच्या घरी कधी बारसे झाले, कोणाचे वडील कोणत्या साली गेले, कोणाची मुलगी कोठे दिली, हे सारे त्यांना मुखोद्गत असे. या स्मरणशक्तीचा त्यांना थोडा अभिमान होता. तो अवाजवी होता असेही म्हणता येणार नाही, कारण माणसांना आपली आठवण ठेवली गेलेली आवडते.

रजेचे आणि गेटपासचे नियम त्यांनी स्वतः मराठीत लिहिले होते. पुण्याच्या मुख्य कचेरीतून आलेला इंग्रजी मसुदा बाजूला सारून, एकेक शब्द पारखून त्यांनी ते वाक्य सिद्ध केले होते: ‘निकटचे नातेवाईक म्हणजे आई, वडील, पती अथवा पत्नी, आणि अपत्ये.’ यांपैकी कोणी अत्यवस्थ असल्यास कामगाराला तत्क्षणी सोडायचे, प्रसंगी भट्टी थांबवायची; इतर नातेवाइकांसाठी मात्र बदलीचा माणूस जागेवर येईपर्यंत थांबायचे. हा नियम कठोर वाटला तरी निष्कारण नव्हता. पूर्वी कोणीही कोणाचेही नाव सांगून पाळी सोडून जाई. असाच एकदा भट्टीवरचा माणूस कोण्या लांबच्या मामाच्या आजाराचे निमित्त करून जत्रेला गेला, आणि एकट्या पडलेल्या तरुण सोबत्याच्या पायावर तापलेला रस सांडला. तो तरुण आजही लंगडतो. त्याला रोज गेटमधून आत येताना पाहणाऱ्या मगदूम साहेबांना आपल्या नियमाविषयी कधी संदेह वाटला नव्हता.

उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. दुपारच्या पाळीला भट्टीवरचा अमरसिंह खोत धावत खिडकीशी आला. तो पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावचा, तिशी ओलांडलेला, अंगाने थोराड, बोलण्यात रोखठोक, आणि कामात इतका चोख की त्याच्या पाळीला देखरेखीचे गणपतराव निर्धास्त चहा प्यायला जात. त्याने डोक्यावरचे शिरस्त्राण काढून हातात धरले होते.

“सायेब, गेटपास द्या. वैनी लई शिरीयस हाय. दवाखान्यातनं क्रांतीचा फोन आलाय.”

“कोण, वहिनी?”

“व्हय की, वैनी. मला बघायचं म्हणतीया. सारखं माझंच नाव घ्याय लागलीया.”

“कुठल्या दवाखान्यात?”

“कोल्हापुरातच. काल आणून ठेवलीया.”

“जवळ कोण आहे?”

“क्रांती हाय. माझी भन.”

मगदूम साहेबांनी क्षणभर विचार केला. अमरसिंहाची आई मागेच निवर्तली होती, हे त्यांना स्पष्ट आठवत होते. तो नोकरीला नवा असताना याच खिडकीशी येऊन, मान खाली घालून, “सायेब, आई गेली,” एवढेच म्हणाला होता, आणि त्यांनी स्वतः त्याची शोकरजा मंजूर केली होती. कामगार जिला मयताची रजा म्हणतात, तीच ही पगारी रजा. तेव्हा आता जी अत्यवस्थ आहे ती भावजय. जवळची, पण निकटच्या नात्यांत न बसणारी.

“अमरसिंह,” ते सौम्यपणे म्हणाले, “भट्टी चढलेली आहे. तू गेलास तर तिथं एकटा माणूस राहील. मी कागलला बदलीच्या विश्वजितला आत्ता फोन करतो. तो जागेवर आला की तू निघ. कंपनीची जीप मी गेटवर उभी करून ठेवतो, म्हणजे बसची वाट पाहायला नको.”

“सायेब, त्यो येईस्तवर...”

“अर्ध्या तासात येईल. नियम आहे बाबा. पॉलिसीत जी नाती आहेत त्यांनाच मला लगेच सोडता येतं.”

अमरसिंहाने त्यांच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात प्रथम केवळ आश्चर्य होते.

“पॉलिसीत न्हाय?”

“नाही.”

“वैनी न्हाय बसत पॉलिसीत?”

“नाही रे. पण मी सांगतोय ना, माणूस आला की लगेच.”

शिरस्त्राण डोक्यावर चढवून तो भट्टीकडे परतला. गेट ओलांडून पळून जाणे त्याला अशक्य नव्हते. पण भट्टीवर एकटा राहणाऱ्याचे काय होते, हे त्यालाही ठाऊक होते. तो लंगडणारा तरुण त्याच्याच शेजारी काम करीत असे.

विश्वजित लगेच निघाला, पण महामार्गावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि तिच्यात तो अडकला. मगदूम साहेबांनी त्याला पुनःपुन्हा फोन केले. जीप गेटवर यंत्र चालू ठेवून उभी होती. अखेर विश्वजित आला, अमरसिंह हातमोजेही न काढता जीपमध्ये बसला, आणि साहेबांनी चालकाला खिडकीतूनच हात करून ‘जोरात’ अशी खूण केली.

दवाखान्याच्या जिन्यावरच क्रांती त्याला भेटली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने तिथेच हातमोजे काढले.

ही वार्ता दुसऱ्या दिवशी कारखान्यात आली तेव्हा मगदूम साहेब हळहळले. आपण जीप दिली होती, होईल तेवढे केले होते, हा विचार त्यांनी मनाशी केला, आणि त्याने त्यांना थोडा दिलासाही मिळाला. रक्षाविसर्जन झाल्यावर, त्यांच्या शिरस्त्याप्रमाणे, ते सांत्वनासाठी अमरसिंहाच्या गावी गेले. कोणाही कामगाराच्या घरी मृत्यू झाला की ते जात, काही वेळ बसत, आणि फारसे न बोलता परत येत.

अंगणात सतरंजी अंथरलेली होती. पुरुषमंडळी भिंतीला टेकून बसली होती. “या, बसा पावणं,” कोणी तरी म्हणाले. मगदूम साहेब चपला काढता काढता थबकले. समोर अमरसिंह बसला होता, आणि त्याने मुंडन केले होते.

भावजयीसाठी दीर मुंडन करीत नाही, हे त्यांच्या मनात आले. थोरल्या भावाला अग्नी देता येण्यासारखा नसेल, म्हणून याने दिला असावा, असे उत्तरही त्याच मनाने तत्परतेने पुरवले. ते सतरंजीवर बसले. अमरसिंहाने मान वर केली, त्यांना ओळखले, आणि पुन्हा मान खाली घातली.

नवा माणूस आलेला पाहून आतल्या स्त्रियांना हुंदका आला. त्यांत एक तरुण आवाज सर्वांवर चढला. तो क्रांतीचा होता.

“वैनी गं... माझी वैनी... आता ‘क्रांते’ म्हणून मला कोण हाक मारंल गं... जलमभर वैनीच म्हणत राह्यलो गं तुला... आई म्हणून एक डाव हाक मारली न्हाय गं...”

मगदूम साहेबांच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

शेजारच्या शालूबाई, सत्तरी उलटलेल्या, दाराशी बसून डोळे पुशीत होत्या. साहेबांचा चेहरा पाहून, या परक्या माणसाला त्या रडण्याचा अर्थ लागला नसेल, असे त्यांना वाटले, आणि त्या समजूत घातल्यासारख्या बोलू लागल्या.

“आवं, धोंडुबाई ह्या घरात आली तवा चार दीर हुतं बारकं बारकं. समदी ‘वैनी, वैनी’ करत मागनं फिरायची. वैनी भाकरी द्या, वैनी अंघूळ घाला. तीच ऐकून ही पोरं बी वैनीच म्हणाय लागली. आन ‘आई’ म्हणायची ती आज्जीला. म्हातारी मागं वारली न्हवं का, ती. तिला समदं घर आई म्हणायचं. धोंडुबाईला मी म्हणायची, अगं, पोटची पोरं तुला वैनी म्हणत्यात, तुला कसं वाटत न्हाय? तर म्हणायची, नाव कायबी असू दे की, हाक मला हाय न्हवं?”

साहेबांनी पेला खाली ठेवला. “हो,” एवढेच ते म्हणाले.

ज्या ‘आई’साठी त्यांनी शोकरजा दिली होती ती अमरसिंहाची आजी होती. त्याने असत्य सांगितले नव्हते. जिला तो आई म्हणत असे ती गेली होती आणि त्याने तेच सांगितले होते. आणि जिला तो वैनी म्हणत असे ती मरणाच्या दारात त्याला बोलावीत होती, तेव्हाही त्याने तेच सांगितले होते. विम्याच्या कागदांवर माता म्हणून धोंडुबाईंचे नाव नोंदलेले होते. ते उघडून पाहायला एक क्षण पुरला असता. परंतु ज्याला सर्वांच्या घरची मरणे पाठ आहेत, त्याने कागद कशाला उघडावे?

परतीच्या वाटेवर पन्हाळ्याचा डोंगर मागे पडत गेला आणि मगदूम साहेबांच्या कानांत एकच शब्द फिरत राहिला. ‘मला बघायचं म्हणतीया.’ म्हणतीया! या मुलखात थोरल्या भावाची बायको कितीही जिव्हाळ्याची असली तरी तिच्याविषयी ‘वैनी म्हणत्यात’ असेच बोलतात. वहिनी अनेकवचनी असते. थोरल्या वहिनीला एकवचनात संबोधणाऱ्या मुलाच्या पाठीत धपाटा बसतो. घरात ज्या थोर स्त्रीला एकवचन शोभते ती एकच: जिच्याशी आदराचे अंतर ठेवण्याची गरज पडत नाही, ती जन्मदात्री. अमरसिंह ‘हाय’ म्हणाला होता, ‘म्हणतीया’ म्हणाला होता, ‘ठेवलीया’ म्हणाला होता. नामाने फसविले असेल. क्रियापदे तर प्रत्येक वेळी सत्यच सांगत होती. शब्दाशब्दाची पारख करून नियम लिहिणाऱ्या माणसाने ती ऐकली, आणि भट्टीवरच्या माणसाचे रांगडे बोलणे म्हणून सोडून दिली.

सूर्य कलला होता. कोल्हापुरातील त्यांच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम त्यांच्या आजोबांपासून चालत आला होता. त्यांच्या पत्नी राजमतीबाईंनी ताट वाढून ठेवले होते.

“अहो, बसा आता. दिवस मावळायला आलाय.”

ते पाटावर बसले, पण हात ताटाकडे गेला नाही. त्यांनी सारे सांगितले. राजमतीबाई ऐकत राहिल्या.

“आईला वैनी म्हणतो,” त्या हळूच म्हणाल्या. “त्यात काय नवल? तुम्ही अक्कांना अक्काच म्हणत होता की. मी लग्न होऊन आले तेव्हा कितीतरी दिवस मला वाटायचं, ही माझी मोठी नणंद आहे आणि सासू कुठंतरी गावाला गेल्यात. एकदा विचारलं देखील मी, सासूबाई कधी येणार? अक्का पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.”

मगदूम साहेबांच्या चेहऱ्यावर वेदना उमटली. तोच तर काटा होता. सीमेकडच्या त्यांच्या जैन कुटुंबात आईला अक्का म्हणत. कानडीत अक्का म्हणजे थोरली बहीण, आणि ते जन्मभर आपल्या जननीला बहिणीच्या नावाने हाक मारीत आले होते. साऱ्या कारखान्यात ही चूक ज्याच्या हातून होऊ नये असा एखादा माणूस असेल, तर तो तेच होते.

“तो समजतो,” ते म्हणाले, “की मी त्याला सांगितलं, आई पॉलिसीत बसत नाही. त्याला काय वाटलं असेल, राजमती? त्याने परत विचारलं मला. वैनी न्हाय बसत? आणि मी नाही म्हणालो.”

“मग सांगा त्याला. म्हणावं, माझा समज असा झाला.”

“सांगितलं तर त्याचा माझ्यावरचा राग जाईल.”

“जाऊ दे की.”

“जाईल कुठं?”

राजमतीबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ सरकवला.

“तो म्हणेल, मी तोंडातून ‘आई’ एवढा एक शब्द काढला असता तर वेळेवर पोचलो असतो. आयुष्यभर म्हणत राहील. जी हाक त्याने लहानपणापासून तिला मारली, तीच त्याला डागण्या देईल. आज तो मला दगड समजतो. समजू दे. दगडावर राग काढता येतो.”

बाहेर उजेड उतरत चालला होता. राजमतीबाई ताटाकडे पाहत राहिल्या. मग, जणू स्वतःशीच, त्यांनी विचारले,

“आणि खरंच भावजय असती तर?”

“म्हणजे?”

“म्हणजे मरणाऱ्या माणसाने नाव घेऊन बोलावलं होतं. ती भावजय असती तर तुमचं थांबवणं बरोबर होतं का?”

त्या लंगडणाऱ्या तरुणाचा पाय मगदूम साहेबांच्या डोळ्यांपुढे आला, पण या प्रश्नापुढे तोही पुरेसा वाटला नाही. दिवस मावळला. राजमतीबाईंनी ताट उचलून नेले, आणि त्यांनी नेऊ दिले.

पुढचे दिवस त्यांनी एका विचित्र द्विधावस्थेत काढले. अमरसिंहाची शोकरजा संगणकात नोंदवायला गेलेल्या तेजस्वीने, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या तरुण सहायिकेने, येऊन सांगितले, “सर, सिस्टीम घेत नाही. आईची रजा आधीच भोगलेली दाखवतंय. एका माणसाला आई एकदाच, म्हणून दुसऱ्यांदा नोंद होत नाही.” सांगता सांगता ती ओशाळली, कारण आपले वाक्य तिच्याच कानाला बरे लागले नाही. जुनी नोंद सुधारायची तर पुण्याला कारण कळवायला हवे होते. ‘कारण’ या रकान्यापुढे साहेब अनेकदा बसले आणि काही न लिहिता उठले. अमरसिंहाने मागे चुकीचे नाते सांगितले असे लिहिले तर त्याच्यावर कारवाई होणार. खरे काय घडले ते लिहिले तर ते कधी ना कधी त्याच्या कानी जाणार. त्यांच्या या चालढकलीत पगाराचा दिवस उजाडला, आणि अमरसिंहाच्या पगारातून ती रजा बिनपगारी म्हणून कापली गेली.

तो खिडकीशी आला तेव्हा व्हरांड्यात बरीच माणसे होती. डोक्यावर केसांचे कोवळे खुंट उगवले होते. मोबाइलवरची पगारपावती त्याने खिडकीच्या गजांतून आत धरली.

“सायेब, आई मेल्यावर रजा पगारी असत्या म्हणं.”

“असते.”

“मग माझी का कापली?”

व्हरांड्यातले बोलणे थांबले. त्यापूर्वी त्या खिडकीशी हजारो प्रश्न आले होते आणि प्रत्येकाला मगदूम साहेबांनी खरे उत्तर दिले होते. या प्रश्नाचेही खरे उत्तर त्यांच्यापाशी होते. ते दिले असते तर जमलेल्यांच्या नजरेत त्यांचे इतक्या वर्षांचे नाव तत्क्षणी निर्मळ झाले असते.

बाजूच्या मेजावरून तेजस्वीने मदत करण्याच्या हेतूने सुरुवात केली, “दादा, त्याचं असं झालं, सिस्टीममध्ये तुमची आई आधीच...”

“तेजस्वी,” साहेब म्हणाले. इतक्या धारदार स्वरात ते कधी बोलले नव्हते.

“आधीच काय?” अमरसिंहाने विचारले.

“काही नाही. नोंदीत चूक झाली. माझ्या हातून.”

“आदी बी पॉलिसी, आन आता बी पॉलिसी,” अमरसिंह म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो सर्वांपर्यंत पोचला. “आई जित्ती हुती तवा बसली न्हाय तुमच्या पॉलिसीत. म्हटलं, मेल्यावर तरी बसंल.”

“बसते,” मगदूम साहेब म्हणाले. “तेव्हाही बसत होती. चूक माझी होती, अमरसिंह. माझी ऐकण्यात चूक झाली.”

“ऐकण्यात? का, मी काय बारीक बोललो व्हय?”

“नाही.”

“वंगाळ बोललो?”

“नाही. तू अगदी बरोबर बोललास. प्रत्येक शब्द बरोबर बोललास. मीच ऐकलं नाही.”

अमरसिंह त्यांच्याकडे पाहत राहिला. या उत्तरात आपल्याला न सांगितलेले काही आहे, अशी शंका त्याला आली असावी. पण दुःखी माणसाला तर्क करण्याचे बळ नसते. त्याने मोबाइल खिशात घातला. जायला वळला, आणि पुन्हा खिडकीशी आला.

“क्रांती तिला सांगत हुती, सायबाकडं गेटपास मागाय गेलाय. तर म्हणाली, सोडंल की. सायेब चांगला हाय म्हणं त्यो, माझं पोरगं कवातरी बोलायचं घरात.” तो थांबला. “आईनं शेवटचं एवढंच म्हटलं.”

‘आई’ हा शब्द त्याने आता सहज उच्चारला होता. मरणानंतर चारचौघांत, कचेऱ्यांत, दाखल्यांवर तोच म्हणावा लागतो, आणि तो त्याला सवयीचा झाला होता. ‘वैनी’ म्हणायला आता समोर कोणी उरले नव्हते.

मगदूम साहेबांनी दोन्ही हात जोडले. अमरसिंहाने ते पाहिले की नाही, हे सांगता येत नाही. तो भट्टीकडे निघून गेला होता.

त्याच दुपारी त्यांनी पुण्याला लिहिले की पूर्वीची नोंद कार्मिक अधिकाऱ्याच्या अनवधानाने सदोष झाली, तिचा दोष कामगाराकडे नाही, आणि वसुली करायचीच झाल्यास ती आपल्या पगारातून व्हावी. निकटच्या नातेवाइकांची व्याख्या काढून टाकावी आणि भट्टीवर प्रत्येक पाळीला एक जादा माणूस ठेवावा, असाही प्रस्ताव त्यांनी सोबत जोडला. अमरसिंहाचा कापलेला पगार पुढच्या महिन्यात त्याला मिळाला. प्रस्तावाला उत्तर आले नाही. तेव्हापासून गेटपास मात्र ते कोण, कुठली, असे काही न विचारता देतात, आणि बदलीचा माणूस येईपर्यंत गणपतराव स्वतः भट्टीपाशी उभे राहतात. साहेबांनी त्यांना तशी हात जोडून विनंती केली आहे.

अमरसिंह खिडकीशी पुन्हा आला नाही. काही विचारायचे असले तर तो तेजस्वीला व्हरांड्यात गाठून विचारतो. गेटवर समोरासमोर आले तर साहेब बाजूला होतात आणि त्याला आधी जाऊ देतात.

खिडकीशी माणसे अजून येतात. हजेरीचे विचारतात, बोनसचे विचारतात. मगदूम साहेब चष्मा कपाळावर चढवतात, पुढे झुकतात आणि म्हणतात, “पुन्हा सांग. सावकाश.” माणूस पुन्हा सांगतो. कधी कधी ते तिसऱ्यांदाही विचारतात, आणि बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहत राहतात.

“सायेब म्हातारं झालं गड्या,” लोक आपसांत म्हणतात. “कानानं कमी ऐकू येतंय त्यास्नी. त्यांनीच सांगितलं न्हवं का त्या दिवशी, अमरसिंगाला?”

हे बोलणे पुष्कळदा खिडकीपासून हातभर अंतरावर होते आणि साहेबांना ते अक्षर न् अक्षर ऐकू येते. त्यांनी कधी त्याचे निरसन केलेले नाही.